पाण्याला टेकायला जागा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती झालं?" उत्तर फुटांत येतं. "सकाळी सव्वीस होतं, आता अठ्ठावीस." मग दोघंही क्षणभर हिशेब करतात आणि आपापल्या कामाला लागतात.

आयर्विन म्हणजे कृष्णा नदीवरचा सांगलीचा जुना पूल. तो १९२९ साली सुरू झाला. तिथं नदीची पातळी फुटांत मोजतात आणि पावसाळ्यात अख्ख्या शहराचं लक्ष त्या आकड्याकडे लागलेलं असतं. ४० फूट झाले की इशारा पातळी, ४५ झाले की धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ साली ५४ फुटांच्या पुढे. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चक्क ५७ फुटांच्या वर! तेव्हा पेठांमधल्या रस्त्यांवरून होड्यांनी जावं लागत होतं. तुमच्या घरी कुणी सांगलीचं असेल तर त्यांना विचारा. पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते हात लावून दाखवतील.

आता यातली चक्रावून टाकणारी गोष्ट ऐका. सांगलीत कधी कधी छान ऊन पडलेलं असतं, अंगणात कपडे वाळत असतात आणि तरीही नदीचं पाणी तासातासाला चढत असतं. पाऊस नाही आणि पूर मात्र येतोय! हे कसं काय?

कारण सांगलीच्या पुराचं बरंचसं पाणी सांगलीत पडतच नाही. ते पडतं वर, सातारा जिल्ह्यात. सांगली शहरात वर्षभरात साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला? साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात! म्हणजे पाऊस जागेवरून हललाच नाही, तर महाबळेश्वरला वर्षाअखेर साडेपाच मीटर पाणी उभं राहील आणि सांगलीत जेमतेम गुडघ्याच्या वर येईल. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि धोम, वाई, माहुली, कऱ्हाड असं करत सांगलीला येते. माहुलीला तिला वेण्णा भेटते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना अगदी समोरासमोर येऊन धडकते. पुढे ब्रह्मनाळजवळ येरळा आणि सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला वारणा. या सगळ्या नद्यांनी आपापल्या डोंगरांवरचं पाणी गोळा करून आणलेलं असतं.

शिवाय उताराची गंमत आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच आहे आणि वाई सातशेच्या थोडं वर. म्हणजे उड्या मारत आलेलं पाणी सुरुवातीच्या छोट्याशा टप्प्यातच सहाशे मीटर खाली येतं. त्यानंतर वाईपासून सांगलीपर्यंतच्या लांबलचक वाटेत उतार उरतो फक्त पावणेदोनशे मीटरांच्या आसपास. वरून धावत आलेलं पाणी सपाटीवर आलं की रेंगाळतं. मागून येणारं पाणी मात्र थांबत नाही. त्यात पुढं हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा तुडुंब असल्या, तर कृष्णेला पुढं सरकायलाच वाट मिळत नाही. पाणी तुंबतं आणि मागं फुगतं. सांगलीकर म्हणतात, "वारणेचा फुगवटा आलाय."

इथं आपण एक प्रयोग करू. रॉकेलच्या दुकानात असायचं तसं बारीक तोंडाचं नरसाळं घ्या. ते बाटलीवर ठेवा आणि तांब्याभर पाणी भस्सकन ओता. काय झालं? नरसाळं भरलं, पाणी काठावरून सांडलं, ओटा ओला झाला. आता तेवढंच पाणी त्याच नरसाळ्यात सावकाश ओता. एक थेंबही सांडत नाही. पाणी तेवढंच, नरसाळंही तेच. बदलला तो फक्त वेळ.

पुराचंही असंच आहे. नदीत एकूण पाणी किती आलं याइतकंच ते किती वेळात आलं हेही महत्त्वाचं असतं. म्हणून तर पुराच्या बातम्यांत "क्युसेक" हा शब्द सारखा ऐकू येतो. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर! हे वाक्य वाचायला तुम्हाला तीन-चार सेकंद लागले असतील. तेवढ्यात एक कोटी लिटर पाणी पुढं निघून गेलं.

मग पूर कमी करायचा तर पाणी कमी करणं आपल्या हातात नाही, पण त्याला वाटेत थांबवणं हातात आहे. कुठं तासभर, कुठं दिवसभर, कुठं उन्हाळ्यापर्यंत. नदीला हे पूर्वीपासून माहीत होतं. तिनं आपल्यासाठी थांबण्याच्या जागा स्वतःच तयार करून ठेवल्या होत्या.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला विचारा, तो मळी दाखवेल. नदीच्या अगदी कडेची, गाळानं बनलेली काळीभोर, भुसभुशीत जमीन. पूर आला की मळी पाण्याखाली जाते आणि पाणी उतरताना गाळाचा नवा थर सोडून जातं. कृष्णाकाठची वांगी इतकी चवदार का, त्याचं बरंचसं उत्तर या मळीत आहे. आता हिशेब करा. एक एकर मळीवर मीटरभर पाणी चढलं, तर तिथं चाळीस लाख लिटर पाणी थांबलं. शंभर एकरांवर? चाळीस कोटी लिटर. हे सगळं पाणी त्या वेळी पुलाखाली गर्दी करत नाही. ते मळीवर बसून राहतं आणि नदी उतरली की हळूहळू परत पात्रात जातं. मोकळी मळी म्हणजे फुकटात मिळालेलं, भिंत नसलेलं धरणच आहे. तिच्यावर भराव घालून घरं बांधली की ते चाळीस लाख लिटर कुठं जाणार? समोरच्या काठावरच्या गावात, नाहीतर खालच्या गावात.

सांगली शहराच्या आतही अशा जागा होत्या आणि काही अजून आहेत. तिथं त्यांना ओत म्हणतात. ओत म्हणजे सखल, खोलगट पट्टा. पावसाचं पाणी आधी तिकडं धावतं, तिथं साठतं, मग नाल्यातून नदीला मिळतं. आणि नदी फुगली की याच वाटेनं पाणी उलटं येतं! हे नीट समजून घ्या, कारण मोठ्या माणसांनाही हे पटकन ध्यानात येत नाही. नदी काठावरून ओसंडून शहरात शिरते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाणी आधी नाल्यांच्या तोंडातून मागं सरकतं. नाल्याचं पाणी नदीत जायचं तर नदी खाली हवी. नदी वर आली की नाला उलटा वाहू लागतो. म्हणून सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांतल्या लोकांना इशारा पातळी येण्याआधीच सामान उचलावं लागतं, तर नदीच्या तितक्याच जवळ पण उंचवट्यावर असलेल्या घरांत काहीच हालचाल नसते. पाण्याला पत्ता वाचता येत नाही. त्याला फक्त उंची-खोली कळते.

(कृष्णेत भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मगरीही राहतात. पुरात नदी पसरली की त्याही पसरतात. म्हणून पूर उतरल्यावर ओतातल्या डबक्याजवळ एकटं जायचं नाही. आई ओरडते म्हणून नाही, खरंच जायचं नाही.)

सांगलीच्या मातीचाही स्वभाव वेगळा आहे. उन्हाळ्यात तिथल्या काळ्या रानात गेलात तर जमिनीला भेगा दिसतील. काही इतक्या रुंद की हात आत जाईल, आणि काठी घातली तर ती सरसर खाली जाते. वळवाचा पहिला पाऊस या भेगा गटागटा पिऊन टाकतात. पण या मातीतले चिकणमातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात. एक-दोन चांगले पाऊस झाले की भेगा मिटतात, वरचा थर चिकट होतो आणि मग पाणी आत जायला तयारच होत नाही. जूनमध्ये पाणी पिणारी जमीन ऑगस्टमध्ये तेच पाणी डोक्यावर धरून बसते. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात नदीला पूर नसतानाही पाणी दिवसेंदिवस का साचतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि त्या मातीवर आपण डांबर घातलं, काँक्रीट घातलं, पेव्हर ब्लॉक बसवले. जूनमधली पाणी पिणारी भेगसुद्धा आता उरली नाही. शेतात पडलेला थेंब गवताला अडतो, ढेकळाला अडतो, बांधाला अडतो. गच्चीवर पडलेला थेंब पन्हळीतून गटारात आणि गटारातून नाल्यात काही मिनिटांत पोचतो. सगळ्या गच्च्यांचं, सगळ्या रस्त्यांचं पाणी एकाच वेळी नाल्याशी हजर! म्हणजे पुन्हा तेच, नरसाळ्यात भस्सकन ओतलेला तांब्या.

किती पाणी, ते मोजणं फार सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होतं. तुमच्या शाळेची गच्ची ५०० चौरस मीटर असेल आणि ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर १५,००० लिटर. हा एकट्या शाळेचा हिशेब झाला. आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा घ्या. या शहराचं क्षेत्रफळ आहे साधारण ११८ चौरस किलोमीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५९० कोटी लिटर पाणी.

एवढ्या पाण्यासाठी शहरांत साठवण तळी करतात. दिसायला हे काम साधं असतं, पण त्यात मोठी हुशारी आहे. शहराच्या सखल भागात रुंद, उथळ खोलगा करायचा. काठ उभे नाहीत, हळूहळू उतरत जाणारे, म्हणजे कुणी घसरलं तरी चालत वर येईल. आसपासच्या गटारांचं पाणी मोठ्या तोंडानं आत घ्यायचं. आत आल्याआल्या एक छोटा खड्डा. तिथं गाळ, वाळू, प्लॅस्टिक अडतं आणि तो खड्डा दरवर्षी उपसायचा. आणि दुसऱ्या टोकाला बाहेर जायला मुद्दाम बारीक वाट ठेवायची. आत यायला मोठं दार, बाहेर जायला छोटी खिडकी! त्यामुळे तासाभरात आलेलं पाणी दिवसभरात बाहेर जातं. नदीकडच्या तोंडाला झडप बसवायची. ती झडप पाण्याला बाहेर जाऊ देते, पण नदी वर आली की नदीच्याच दाबानं मिटते आणि उलटं पाणी आत येऊ देत नाही. झडप मिटलेली असताना शहरात पडणारा पाऊस कुठं जाणार? त्याच तळ्यात. नदी उतरेपर्यंत तो तिथं थांबेल, आणि फारच झाला तर पंपानं उचलून नदीत टाकता येईल. तळं नसेल तर मिटलेल्या झडपेमागं शहर स्वतःच्याच पावसात बुडतं. म्हणून झडप आणि तळं ही जोडगोळीच हवी.

"पण मग डास होतील ना!" असं तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता म्हणालं असणार. प्रश्न अगदी योग्य आहे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो. तळं दोन-तीन दिवसांत रिकामं झालं तर अळीला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून बाहेरची खिडकी किती बारीक ठेवायची, ते अभियंते गणित करून ठरवतात: इतकी मोठी नको की पाणी थांबणारच नाही, इतकी लहान नको की डास उडू लागतील. काही तळ्यांत मात्र बारा महिने पाणी ठेवतात. तिथं डासांचा बंदोबस्त मासे, बेडकांची पिल्लं आणि चतुराच्या अळ्या करतात. चतुराची अळी पाण्यात राहते आणि डासांच्या अळ्या पटापट गट्टम करते.

बारमाही पाण्याच्या उथळ जागेला म्हणतात पाणथळ. तिच्या काठाला लव्हाळे, पाणकणीस उगवतात. पाणकणसाची उंच, चपटी पानं पाण्याचा वेग मोडतात. वेग मोडला की पाण्यातला गाळ खाली बसतो. मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात आणि सांडपाण्यातली घाण खातात. एका बाजूनं गढूळ पाणी आत आलं की दुसऱ्या बाजूनं बरंच स्वच्छ होऊन बाहेर पडतं. हे सगळं चालू असताना वर शेकाट्या आपले लांबलचक गुलाबी-लाल पाय टाकत चिखलात चोच खुपसत असतो आणि टिबुकली बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येते. फक्त जलपर्णीला पाणथळीची झाडं समजू नका हं. ती जांभळ्या फुलांची हिरवी चादर फार घाण झालेल्या पाण्यावर वेगानं पसरते आणि खालच्या पाण्यातला उजेड आणि हवा बंद करते.

सांगलीच्या मधोमध काळी खण नावाचं मोठं तळं आहे. तिच्याभोवती माणसं फिरायला जातात. पुढच्या वेळी गेलात तर तिच्याकडे पाणी थांबवणारी जागा म्हणून बघा आणि आजूबाजूच्या कोणत्या रस्त्याचा उतार तिच्याकडे येतो ते शोधा.

आता जरा वर जाऊ, साताऱ्याला. कारण तांब्या सावकाश ओतायचा तर ओतणाऱ्याचाच हात धरायला हवा.

सातारा शहराच्या वरच्या अंगाला यवतेश्वरचा डोंगर आणि त्यापलीकडे कासचं पठार. फुलांसाठी तुम्ही गेला असाल. सगळे गवताकडे आणि फुलांकडे बघतात, मी तुम्हाला खाली वाकून बघायला सांगणार आहे. कासवर जांभा खडक आहे आणि त्यावर मातीचा पातळसा थर. पावसाळ्यात पठारभर इंच-दोन इंच पाणी साचतं, छोट्या छोट्या डबक्यांत थांबतं, खडकाच्या भोकांत मुरतं आणि खाली झऱ्यांतून सावकाश बाहेर येतं. अख्खं पठार म्हणजे चार महिन्यांची पाणथळ आहे. कुमुदिनी तळ्यावर पांढरी नाजूक फुलं तरंगतात ती याच पाण्यामुळे.

आणि त्या ओलसर मातीत उगवते सीतेची आसवं. निळसर-जांभळ्या रंगाचं नखाएवढं फूल. दिसायला किती शांत! पण जमिनीखाली तिला मोहरीहूनही लहान फुगे असतात. फुग्याला दार असतं, दाराला केस असतात. पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म किड्याचा धक्का केसाला लागला की दार उघडतं, फुगा पाण्यासकट किड्याला आत ओढून घेतो आणि दार मिटतं. हे आत ओढणं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होतं. तुमच्या पापणीला लवायला त्याच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो! कासच्या पातळ मातीत खत कमी, म्हणून ही झाडं किडे खाऊन आपली गरज भागवतात. पठारावरचं साचलेलं पाणी वाहून गेलं तर पूर वाढेलच, पण हे फुगेसुद्धा कोरडे पडतील. म्हणून फुलांवर पाय टाकायचा नाही, गाडी गवतावर न्यायची नाही, असं तिथं सांगतात ते मनावर घ्या.

कासचा तलाव साताऱ्याची तहान भागवतो. पण शहरातही महादरे तळं, मोती तळं, मंगळवार तळं, फुटका तलाव अशी जुनी तळी आहेत. ती बांधली तेव्हा लोकांच्या मनात पिण्याचं पाणी, वापराचं पाणी होतं. अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या उतारावरून खाली येणारा पाऊस शहराच्या अंगावर कोसळण्याआधी थोडा थांबवायचं कामही अशा तळ्यांकडून होतं. तळ्यात गाळ साचला की त्यात मावणारं पाणी कमी होतं. उन्हाळ्यात तळ्यातून काढलेला प्रत्येक घनमीटर गाळ पावसाळ्यात हजार लिटर पाण्याला जागा करून देतो.

डोंगरउतारावर तर हे काम कुदळ-फावड्यानंही होतं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. गावकऱ्यांनी डोंगराला आडवे, एका पातळीत जाणारे चर खोदले, बांध घातले. उद्देश होता दुष्काळ हटवणं. धावणारं पाणी चालायला लागलं आणि चालणारं थांबायला लागलं. दुष्काळ आणि पूर या दोघांवरचं औषध बऱ्याच अंशी एकच आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला खटाव तालुका, तिथं पाऊस अगदीच थोडा. तिथल्या मायणीला ब्रिटिशांच्या काळात बांधलेला तलाव आहे. पाणी शेतीसाठी अडवलं. गाळ साचून काठ उथळ झाले आणि तिथं पक्षी जमले. रोहित म्हणजे फ्लेमिंगोसुद्धा तिथं येतात, म्हणून मायणीचं नाव झालं. २०२१ साली मायणी परिसर पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मायणीचं पाणी येरळेच्या खोऱ्यातलं, आणि येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. म्हणजे रोहितांचे ते गुलाबी पाय ज्या पाण्यात उभे असतात, ते सांगलीकडे निघालेलं आणि वाटेत थांबलेलं पाणी आहे!

आता थोडं लांब, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला. तिथं बेन्थेमप्लाइन नावाचा चौक आहे. २०१३ साली तो नव्यानं बांधला. एरवी तिथं मुलं बास्केटबॉल खेळतात, चाकांच्या फळ्यांवरून घसरतात, पायऱ्यांवर बसून डबा खातात. पण मैदान रस्त्याहून खोल आहे. जोरात पाऊस आला की आसपासच्या गच्च्यांचं पाणी चकचकीत पन्हळींतून खळखळत या खोलगट मैदानांत येतं. असे तीन खोलगे आहेत, त्यांत मिळून १७ लाख लिटर पाणी मावतं. खेळ थांबतो, मैदानाचं तळं होतं. नंतर पाणी सावकाश निघून जातं, मैदान झाडून घेतात आणि पुन्हा खेळ सुरू. आणि सगळ्यात छान काय, तर हा चौक कसा असावा हे ठरवताना शेजारच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनाही विचारलं होतं. आपल्याकडे पाऊस त्यांच्यापेक्षा फार जोराचा, म्हणून आकडे बदलावे लागतील. पण शाळेचं मैदान आजूबाजूच्या रस्त्याहून हातभर खोल ठेवायला कुणाची हरकत असणार? पावसाळ्यात तसंही आपण मैदानावर चिखलच तुडवतो.

एक गोष्ट मात्र खरीखुरी सांगायला हवी. सांगलीत कितीही तळी खोदली तरी २०१९ सारखा महापूर त्यांत मावणार नाही. आपण ५० मिलिमीटर पावसाचं शहराचं पाणी काढलं होतं ना, ५९० कोटी लिटर? एकट्या कोयना धरणात मावतं १०५ टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. करा गुणाकार. कोयनेचं पाणी शहराच्या त्या पावसाच्या पाचशेपट भरतं! एवढ्या पाण्याला आवर घालायचा तर धरणांतून पाणी कधी, किती सोडायचं हे वेळेवर ठरवावं लागतं, धरणात पावसासाठी जागा राखावी लागते, आणि नदीकाठ मोकळा लागतो. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि २०२० साली तिनं अहवाल दिला. पुराच्या कारणांचा इतका बारकाईनं विचार व्हावा लागतो, कारण एकच एक दोषी शोधून हा प्रश्न सुटत नाही.

नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरीनं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बाग, मैदान, शेती असावी, घरं नसावीत. मला विचाराल तर ही निळी रेषा नुसती कागदावर न ठेवता रस्त्यावर, भिंतींवर, विजेच्या खांबांवर खऱ्या निळ्या रंगानं रंगवायला हवी. जागा बघायला आलेल्या माणसाला ती दिसेल. आणि तुमच्यासारख्या शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज दिसेल की आपण नदीच्या अंगणात आहोत की अंगणाबाहेर.

महापूर मावत नसेल तर तळी कशाला? कारण शामरावनगरमधल्या मुलीची शाळा बुडते ती दरवेळी महापुरानं नाही, साध्या तासाभराच्या पावसानं. आणि महापुरात नदी अडून बसलेली असते तेव्हा शहरावर पडणारा पाऊस तरी घरात शिरू नये, एवढं काम तळी नक्की करतात. तीस फुटांवर घर सोडावं लागणं आणि चाळीस फुटांपर्यंत घरात राहता येणं यात एखाद्या आजीसाठी केवढा फरक असतो!

आता तुमचं काम. एक सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा डबा घ्या आणि मोकळ्या जागी ठेवा. पाऊस थांबला की आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहा. शाळेच्या गच्चीची लांबी-रुंदी मोजा आणि लिटरांचा गुणाकार करा. मग मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, छत्री घेऊन, गच्चीवरून निघालेल्या पाण्याचा माग काढा: पन्हळ, गटार, नाला. ते कुठं थांबतं? कुठं थांबू शकलं असतं? पाऊस थांबल्यानंतर गटार किती मिनिटं जोरात वाहतं, तेही घड्याळ लावून बघा. शहरातल्या डांबरी गल्लीत आणि मामाच्या गावातल्या मातीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे मोजता आलं तर फारच उत्तम. आकडे तारखेसह लिहा आणि नकाशा काढताना उतार बाणांनी दाखवा. तुमच्या गल्लीतलं साठवण तळं कुठं असायला हवं, ते त्या बाणांच्या टोकांशी सापडेल.